खुराड्याची उंची

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो नववीतला इतिहासाचा गृहपाठ. बाईंनी सांगितलं होतं, आपल्या घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूचा इतिहास घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहून आणा. कुणी तांब्याचा हंडा लिहिला, कुणी आजोबांची काठी. मी दिव्याची रेल्वे लिहिली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १ मे १८५४ ला ती आपल्या गावावरून कल्याणला पोचली, १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला, असं सगळं पुस्तकातून उतरवलं. बाईंनी वहीत शेरा दिला, "माहिती चांगली आहे, पण ही तुझ्या घरातली वस्तू नाही."

त्या वेळी आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू परसात उभी होती आणि तिच्यात अकरा कोंबड्या झोपत होत्या. खुराड्याचा इतिहास लिहायचा असतो हे मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी लिहिला नसता. आमच्या दप्तरावर कधी कधी कोंबडीचं पीस चिकटलेलं असायचं त्यावरून वर्गात काय काय ऐकावं लागायचं, हे ज्यांनी ऐकवलं त्यांना आठवत असेल. (नावं लिहीत नाही, पण स्नेहसंमेलनाला तुम्ही येणार आहात हे मला माहीत आहे.) तर बाई, एकतीस वर्षं उशिरा तो गृहपाठ देते आहे. दंड लावला तरी चालेल.

निमित्त असं की आईला पुन्हा कोंबड्या पाळायच्या आहेत. बाबा गेल्यापासून ती दिव्याच्या घरात एकटी असते, मी ठाण्याला. परसाचा उरला आहे एक तुकडा, अकरा फूट रुंद, सतरा फूट लांब, तिन्ही बाजूंनी इमारतींच्या भिंती. "बाय, पाच कोंबड्या तरी मावतील," असं ती गणपतीपासून म्हणते आहे. खुराड्याचा आराखडा मी करावा अशी तिची इच्छा. मी एकदा आधी केला होता, आणि त्याचं काय झालं हे तिला माझ्याइतकंच माहीत असूनही.

आजीचं खुराडं आधी सांगते. आमचं घर आगरी, गावठाणातलं, पुढे ओटी आणि मागे परस. परसाच्या कडेला खाडीच्या दिशेने चार सागवानी खांब जमिनीत पुरलेले, आणि त्या खांबांवर साधारण माझ्या तेव्हाच्या छातीइतक्या उंचीवर लाकडी पेटीसारखं घर. वर कौलं. तळाला फळी नव्हती, बांबूच्या कामट्या बोटभर अंतर सोडून बांधलेल्या होत्या. विष्ठा त्या फटींतून खाली पडायची, खाली आजी चुलीची राख टाकून ठेवायची, आणि दर पंधरवड्याला ते सगळं भेंडी-वांग्यांच्या वाफ्यात जायचं. उरलेल्या जागेत सरपण. अंडी घालायला आतल्या कोपऱ्यात भाताचा पेंढा घातलेली फुटकी टोपली. चढायला एक तिरकी फळी, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. संध्याकाळी कोंबड्या एका ओळीत त्या फळीवरून वर जायच्या, आजी मोजायची, आणि शेवटची आत गेली की फळी काढून भिंतीला टेकवून ठेवायची. शिडीच उचलून घेतल्यावर घूस, मुंगूस, बोका यांना वर जायचा रस्ताच राहत नसे. खाडीकडच्या तिवरांतून रात्री कोल्हे ओरडायचे तो काळ आपल्यातल्या गावठाणातल्या मुलांनी ऐकलेला आहे.

पिल्लांची सोय वेगळी होती. त्यांना दिवसा डालग्याखाली ठेवायचं, म्हणजे घार उचलत नाही. 'डालणे' हे क्रियापद मी शाळेबाहेर, आजीकडून शिकले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण कल्पनाविस्ताराला लिहायचो, तेव्हा झाकणं म्हणजे नक्की कशानं झाकतात हे वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नव्हतं. कोंबडी खुडूक झाली की आजी तिच्याखाली नऊ किंवा अकरा अंडी ठेवायची आणि भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. एकविसाव्या रेघेला पिल्लं. माझं पहिलं कॅलेंडर तेच.

आता थोडं गावाबाहेरचं, कारण कोंबडी दिव्याला आली कुठून हा प्रश्न बाईंनी नक्की विचारला असता.

पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे चार्ल्स डार्विनने १८६८ मध्येच लिहून ठेवलं आहे. ती माणसाळली कधी यावर मात मतं बदलत राहिली. आपल्या शाळेच्या काळात आठ-दहा हजार वर्षं असं वाचायला मिळायचं. २०२२ मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ८९ देशांतल्या सहाशेहून अधिक ठिकाणी सापडलेली कोंबडीची हाडं पुन्हा तपासली, आणि निघालं असं की खात्रीने पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं मध्य थायलंडमधल्या बान नोन वात या ठिकाणची आहेत, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. म्हणजे आपण समजत होतो त्यापेक्षा कोंबडी आपल्या घरात खूप उशिरा आली. पण मला आवडलं ते त्यांनी दिलेलं कारण. त्यांच्या मते रानकोंबड्याला झाडावरून माणसाजवळ आणलं ते भाताने. शेत कापलं की सांडलेले दाणे, झोडणीनंतरचा कोंडा, त्यातले किडे. कोंबडी आपणहून खळ्यावर आली आणि राहिली.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे थायलंड आलंच नाही. दातिवलीची, आगासनची, साब्याची खाचरं आली. आपण आठवीत असताना स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं की भात लागायचा. नोव्हेंबरात झोडणी झाली की आजी कोंबड्यांना घराबाहेर काढायची आणि दोन आठवडे दाणा म्हणून घरातून काही द्यावं लागायचं नाही. तिच्या हिशेबात कोंबडी ही शेताचीच एक शाखा होती. तांदळाची कणी कोंबडीला, तूस खुराड्याखाली, पेंढा टोपलीत, विष्ठा पुन्हा वाफ्यात. शेत विकलं गेलं तेव्हा कोंबडीचा खर्च पहिल्यांदा दिसू लागला, हे आई अजून सांगते.

आपल्या सह्याद्रीचाही यात एक धागा आहे. आपल्याकडच्या जंगलात असतो तो राखी रानकोंबडा, थायलंडमधल्या तांबड्याचा चुलतभाऊ. कोंबडीची कातडी पिवळी असते त्या गुणाचा जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून या राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. म्हणजे जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत थोडंसं दक्षिण भारतातलं रान आहे. यावर मी दोन दिवस उगीचच खूश होते.

कोंबडीला कायमचं घरात कोंडता येतं, ही कल्पना मात्र शंभर वर्षांपेक्षा जुनी नाही. पूर्वी ती ऊन मिळालं नाही की पायांनी अधू व्हायची, अंड्यांची कवचं पातळ व्हायची. १९२०च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला, ते खाद्यातून देता येऊ लागलं, आणि सूर्याची गरज संपली. त्यानंतर शेड आली, पिंजरा आला. आपल्याकडे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून सरकारने कुक्कुटपालनाकडे लक्ष दिलं. गोरेगावच्या आरे कॉलनीत दुधाच्या शेजारीच केंद्र सरकारचं कोंबड्यांचं पैदास केंद्र उभं राहिलं. पांढरी लेगहॉर्न तिथून आणि अशाच केंद्रांतून पसरली. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, पुढे तिचा पसारा पुण्यातून चालू लागला, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती झाली, आणि रोज अंडी खा सांगणारी जाहिरात आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाठ केली.

दिव्याच्या बाजारात याचा अर्थ एवढाच झाला की अंड्यांच्या दोन जाती पडल्या, 'गावठी' आणि 'इंग्लिश'. कोंबड्यांच्याही दोन जाती पडल्या, 'गावठी' आणि 'बॉयलर'. हा 'बॉयलर' शब्द डोक्यात इतका पक्का बसला होता की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला खऱ्या बॉयलरची आकृती फळ्यावर आली तेव्हा मला हसू आवरेना. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देणार, पिंजऱ्यातली तीनशेच्या वर. आकड्यांपुढे आजीचं काही चालण्यासारखं नव्हतं. तरी गावठी अंड्याला भाव जास्त मिळायचा. कोकणातून आलेली कुटुंबं तेव्हा दिव्यात चाळींतून भरू लागली होती, आणि त्यांना गावठीच लागायचं. आपल्यातल्या काहींच्या आया आमच्याकडे अंडी न्यायला यायच्या. आजी पैसे मोजून घ्यायची आणि लहान मुलासाठी असेल तर वर एक अंडं द्यायची.

आता मुख्य गोष्ट.

२००३ मध्ये मला नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं. पगार हातात होता आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीत सुधारणा करायची खुमखुमी होती. आजीची कंबर दुखायची. ती ठेंगणी, अंडी काढायला तिला एका दगडावर चढून खुराड्याच्या दारातून आतल्या कोपऱ्यापर्यंत हात घालावा लागायचा. एकदा ती दगडावरून घसरली. मी ठरवलं, हे खुराडं बदलायचं. कागदावर आकृती काढली. जमिनीवर सिमेंटचा कोबा, विटांची तीन फुटी भिंत, पुढे लोखंडी चौकटीत जाळी, वर सिमेंटचा पत्रा, बाहेरून कडी. कोबा धुवायला सोपा, घूस पोखरणार नाही, आजीला चढायला नको. जुने खांब सागवानी होते म्हणून सुतार आनंदाने घेऊन गेला.

आजीने विरोध केला नाही. एवढंच विचारलं, "अगो, न उधानाचा पानी आला मंग?" मी म्हटलं, आजी, आता गटार झालंय, रस्ता झालाय, पाणी परसात येतं कुठे? आणि खरंच, तीन-चार वर्षं आलं नव्हतं. माझ्याकडे तीन-चार वर्षांची माहिती होती, तिच्याकडे साठ वर्षांची. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला काय म्हणतो ते त्या क्षेत्रातल्यांना सांगायला नको.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी मी पवईच्या ऑफिसात अडकले होते. दुसऱ्या दिवशी निघाले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, शेवटचा टप्पा रुळांवरून चालत, दिव्याला पोचले. आपल्यातले बरेच जण त्या दिवशी कुठे ना कुठे तसेच चालत होते. घरची माणसं माळ्यावर बसून वाचली होती. बाबांनी दाखवलं, पाणी ओटीच्या खिडकीपर्यंत आलं होतं, भिंतीवर तपकिरी रेघ होती.

पावसाचा जोर बघून आजीने दुपारीच कोंबड्या आत घालून कडी लावली होती. पाणी चढायला लागलं तेव्हा परसात उतरणं कुणालाच शक्य नव्हतं. माळ्यावर काही वेळ आवाज येत होता, असं आई नंतर कधीतरी म्हणाली. मी विचारलं नव्हतं. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. जाळीला चिकटलेली पिसं मी स्वतः काढली.

आजी मला रागावली नाही. बरेच दिवसांनी, कोबा घासताना, स्वतःशीच म्हणाली, "उंच व्हता तवा बरा व्हता." त्यानंतर तिने कोंबड्या आणल्या नाहीत. २००८ मध्ये ती गेली.

तिने न आणण्याचं एक कारण पुढच्याच वर्षी आयतं मिळालं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. तिथल्या पोल्ट्रींमधल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, मागोमाग जळगाव जिल्ह्यातल्या गावांत घरोघरच्या परसातल्या कोंबड्याही. दिव्यात काही झालं नव्हतं, पण मटणवाल्याकडे रांग आणि चिकनवाल्याकडे शुकशुकाट हे चित्र तुम्हालाही आठवत असेल. परसातली कोंबडी म्हणजे निर्धोक, ही आमची समजूत तेव्हा गेली. तशी ती निर्धोक कधीच नव्हती. आमच्याकडेही अधूनमधून कोंबड्यांत 'मर' यायची, मान वाकडी करून एकेक पडायची. ती राणीखेत, मराठीत मानमोडी. तिच्यावर लस आहे, पिल्लाला पहिल्याच आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात, हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं. कोबा घालण्याऐवजी मी तेवढं केलं असतं तर जास्त कोंबड्या जगल्या असत्या.

मग दिवा भरत गेला. ते मी तुम्हाला काय सांगू. फाटकाच्या दोन्ही बाजूंना आपण ज्या शेतांतून शाळेत यायचो तिथे सात मजली इमारती उभ्या आहेत. परसं एकेक करून विकली गेली, नाहीतर वाढीव खोल्यांत गेली. गावठाणात आज किती खुराडी उरली आहेत हे पाहायला मी दिवाळीच्या आधी एका रविवारी आईबरोबर फिरले. पाच सापडली. एक गच्चीवर होतं, पाण्याच्या टाकीखाली. एक जुन्या फ्रिजचं दार काढून, आत जाळी लावून केलेलं, आणि ते चांगलं होतं, फ्रिजच्या भिंतीत ऊन शिरत नाही. एका घरी ऐंशीच्या पुढच्या काकींनी मला खुराड्याच्या खांबांना टिनाची उलटी ताटं कशी ठोकायची ते दाखवलं, घूस चढली तरी ताटापाशी अडते. त्या पाचांतली चार जमिनीपासून उंच होती. पाचवं इमारतीच्या आवारात होतं आणि ते बांधणारे काका पूर आल्यानंतर दिव्यात राहायला आलेले.

त्या फेरीनंतर आईच्या पाच कोंबड्यांचा आराखडा मी चौथ्यांदा केला. तो इथे देते, कारण आपल्या ग्रुपवर तिघांनी तरी गावी किंवा बदलापूरच्या बंगल्यात कोंबड्या पाळायच्या गोष्टी केल्या आहेत.

रात्रीच्या घराला कोंबडीमागे चार चौरस फूट धरले, म्हणजे पाच फूट बाय चार फूट. त्याला जोडून दिवसा फिरायला जाळीचं आवार, अकरा फूट बाय पाच फूट, कोंबडीमागे अकरा चौरस फूट. पायाखाली माती हवीच, कोंबडी उकरल्याशिवाय राहत नाही आणि उकरायला मिळालं नाही तर एकमेकींची पिसं उपटते. एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती, अंग घोळवायला, पिसांतल्या उवांवर तोच उपाय. बसायला आडवी पट्टी, दोन इंच रुंद, कडा गोल केलेल्या, कोंबडीमागे दहा इंच. ही पट्टी अंड्याच्या खोक्यापेक्षा उंच पाहिजे. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते, खोकं उंच असलं तर ती खोक्यात झोपणार आणि अंडी घाण होणार. पाच कोंबड्यांना एक फुटी दोन खोकी पुरतात, त्यातलं एक बहुधा रिकामंच राहील, सगळ्या एकाच खोक्यापुढे रांग लावतात. आपल्या शाळेतल्या नळासारखं.

जाळीच्या बाबतीत दुकानदार तुम्हाला षटकोनी, हलकी कोंबडीजाळी देईल. ती कोंबडीला आत ठेवते, घुशीला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश घ्यावी आणि आवाराच्या कडेने फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीखाली आडवी पसरावी. घूस भिंतीला लागून उकरते, खाली जाळी लागली की कंटाळते.

सगळ्यात जास्त विचार हवेचा केला. माझ्या २००३ च्या खुराड्यात दुसरी चूक ती होती, आणि पाण्याच्या चुकीपुढे ती कुणाच्या लक्षातच आली नाही. कोंबडीच्या विष्ठेत तीन-चतुर्थांश पाणी असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, त्यात तीन बाजूंनी वीट आणि खाली कोबा, म्हणजे आत सतत दमट आणि डोळे चुरचुरतील असा वास. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, म्हणून मे महिन्यातही तिला वारा लागतोच. आजीच्या खुराड्यात कामट्यांमधून खालून हवा यायची आणि कौलांच्या फटींतून वर निघून जायची. त्याला मी तेव्हा 'फटी राहिल्यात' म्हटलं होतं. नव्या आराखड्यात वळचणीखाली दोन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या आहेत, मिळून पाच चौरस फूट, आणि पाऊस नैर्ऋत्येकडून येतो म्हणून त्या बाजूचं छप्पर दीड फूट पुढे काढलं आहे. तळ पुन्हा कामट्यांचा.

कोंबडा ठेवायचा की नाही यावर आईचं आणि माझं अजून जमलेलं नाही. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठीच लागतो, हे तिला अर्थातच माहीत आहे. तिचं म्हणणं, कोंबड्याशिवाय कसलं खुराडं. माझं म्हणणं, पहाटे चारला तीन इमारतींच्या भिंतींवर त्याची बांग आपटेल तेव्हा खिडक्यांतून काय काय ऐकायला लागेल. शेजारच्या इमारतीत मी आधीच जाऊन आले. दोन बिऱ्हाडांनी वास येईल म्हणून नाक मुरडलं. चौघांनी अंडी आमच्यासाठी ठेवा म्हणून सांगितलं. एक आजोबा, मूळचे संगमेश्वरकडचे, म्हणाले की कोंबडा ठेवा, इथे आल्यापासून सकाळ भोंग्याने होते. आईने त्यांचं एक मत दहा मतांबरोबर धरलं आहे. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला वेगळीच गोष्ट बजावली. आवारावर वरूनही जाळी लावा, बगळे आणि कावळे खाद्यावर उतरू देऊ नका, खाडीवरच्या पक्ष्यांकडून रोग येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात शहापूरजवळच्या वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता आणि आसपासच्या कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. म्हणून वर जाळी आहे, आणि आत जायची चप्पल वेगळी.

खर्चाचं विचारू नका. पाच कोंबड्यांना रोज मिळून अर्धा-पाऊण किलो खाद्य लागेल. सुताराची मजुरी धरली तर पहिल्या वर्षी अंडं चांदीच्या भावाने पडेल. शिवाय जागेचं पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे, चुलत्यांच्या सह्या झाल्या आहेत, आमची बाकी आहे. दोन-तीन वर्षांनी इथे काय असेल सांगता येत नाही. हे सगळं मी आईपुढे मांडलं. ती म्हणाली, "तवर अंडी तं खाऊ."

राहिला प्रश्न उंचीचा. आजीच्या आतल्या कोपऱ्याचं उत्तर आता फार सोपं दिसतं. अंड्याच्या खोक्याची मागची फळी बाहेरून उघडती करायची. खुराडं तीन फुटांवर असलं की खोकं बरोबर कंबरेच्या उंचीला येतं, वाकायला नको, चढायला नको. एक बिजागरी. २००३ मध्ये मला हे सुचलं असतं तर जुने सागवानी खांब आज तसेच उभे असते. आईचे गुडघे दुखतात, तिलाही तेच सोयीचं आहे.

पण तीन फूट पुरतील का? सुतार म्हणतो अडीच खूप झाले. आई म्हणते साडेतीन. आजीने कुणालाही न विचारता ठरवलेली उंची किती होती ते मोजायला खांब राहिले नाहीत, आणि माझी त्या वेळची छाती हे काही माप नव्हे. भिंतीवरची पुराची तपकिरी रेघ २००९ मध्ये घराला रंग दिला तेव्हा गेली. त्यात आणखी एक घोळ आहे. गेल्या वीस वर्षांत आमच्यासमोरचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणाला वर चढत गेला, आता ओटीची एक पायरी रस्त्याखाली गेली आहे आणि परस वाटीसारखं खोल राहिलं आहे. म्हणजे 'रस्त्यापासून इतके फूट पाणी होतं' असं कुणी सांगितलं तर ते २००५ च्या रस्त्यापासून, आजच्या नव्हे.

म्हणून एक विनंती. दिवा पूर्व, साबे, दातिवली, आगासन या भागांत तेव्हा राहणाऱ्यांनी घरात, दुकानात, चाळीच्या जिन्यात ती रेघ अजून कुठे शिल्लक असेल तर कृपया मोजून ठेवा. माप रस्त्यापासून घेऊ नका. खिडकीच्या चौकटीपासून, मीटरच्या पेटीपासून, जिन्याच्या पायरीपासून, म्हणजे जे तेव्हापासून हललेलं नाही त्यापासून घ्या. शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गांतही पाणी शिरलं होतं असं शिपाईकाका सांगायचे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी टेप घेऊन येणार आहे, कुणी तरी दुसरं टोक धरा. सुताराला मी त्याच्या पुढच्या सोमवारी बोलावलं आहे.